काउंटरच्या आतून लिहायला लावणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई वैरागडे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीत एका कथासंग्रहाचं हस्तलिखित होतं आणि त्याच्यावर चार प्रस्तावना होत्या. होय, चार. एक आमच्या हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांची, एक माझ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांची, एक वॉर्डातल्या माजी नगरसेवकांची आणि एक अशा कवींची, ज्यांनी माझं आडनावही चुकीचं लिहिलं होतं. पुस्तक काढायचं म्हणजे आधी मोठ्या माणसांचे दोन शब्द गोळा करायचे, ही माझी पक्की समजूत. लग्नपत्रिकेत वधूवरांच्या आधी वडीलधाऱ्यांची नावं लागतात ना, तसं.

धरमपेठेतल्या एका घराच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, ताईंचं प्रकाशन आहे. ताईंनी चष्मा लावला, चारही प्रस्तावना सावकाश वाचल्या, एका टाचणीत टोचल्या आणि विचारलं, "यातल्या कोणी पुस्तक वाचलंय?"

"डॉक्टरसाहेबांनी चाळलं म्हणाले."

"बरं. मग आता आपण दोघी वाचू. बस. पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच."

मी घाबरत सुरुवात केली. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं, 'तिच्या नयनांतून अश्रूंचा महापूर लोटला.' ते वाचताना मलाच कसंनुसं झालं आणि मी थांबले. ताईंनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी ते वाक्य खोडलं. त्या दुपारी मी अशी सतरा वाक्यं खोडली आणि ताईंनी स्वतः एकही खोडलं नाही. त्यांची ही पद्धत त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक लेखकाला ठाऊक आहे. लेखकाचं लेखन लेखकाकडूनच वाचून घ्यायचं आणि पेन्सिल त्याच्याच हातात द्यायची.

माझ्याविषयी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वनिता निमजे. आमचं घर मूळचं उमरेडचं, विणकराचं. बाबांचा माग बंद पडला आणि आम्ही नागपुरात आलो. मी बारावीनंतर धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. पेशंटला भरती करून घेतात त्या काउंटरवर. सारा विदर्भ त्या काउंटरसमोर येऊन उभा राहतो. त्या पेशंटच्या नातेवाइकांवर मी गोष्टी लिहिल्या होत्या.

ताईंनी स्वतः सुरुवात केली ती एका छापखान्यात प्रुफं तपासण्यापासून. त्यामुळे पुस्तकाचं कुठलंच काम त्यांना कमी वाटत नाही. नव्या लेखकाला त्या आधी गठ्ठे बांधायला लावतात. मी पाच शनिवार बांधले. बाप्पा, हाताला फोड आले! पण छापायचा मोठा कागद दुमडला की त्याची सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात, हे मला तिथं कळलं. वाचनालयाच्या ग्रंथपालांशी कसं बोलायचं, दुकानदारानं पुस्तक परत पाठवलं तर तोंड पाडून कसं बसायचं नाही, तीनदा तपासलेल्या प्रुफातही चूक कशी लपून बसते, हेही तिथंच. चार प्रस्तावना काढल्या तर आख्खा एक फर्मा वाचतो, हे ताईंनी मला बोटं मोजून दाखवलं. मला तेव्हा राग आला होता. किती खेटे घालून मिळवल्या होत्या मी त्या!

करारपत्राचा प्रसंग तर मी कधी विसरणार नाही. कागद समोर आला तसं मी पेनाचं टोपण काढलं. ताईंनी पेन काढून घेतलं.

"आधी वाच."

"ताई, तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"विश्वासावरच चालवायचं होतं तर हा कागद मी काहून काढला असता? वाच. न समजलं ते विचार. माझ्यासमोर विचारायला शिकली नाहीस, तर दुसरीकडे काय विचारशील?"

दिवसभर घाबरलेल्या लोकांकडून न वाचता सह्या घेणारी मी त्या दिवशी एकेक कलम विचारत तास-दीड तास बसले. एका कलमावर मी हरकतही घेतली. ताईंनी ते बदललं आणि माझ्या हातात पेढा ठेवला. लेखकानं आपल्याशी भांडावं म्हणून खूश होणारी प्रकाशक मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. संग्रहात एक कथा होती. खाप्याचा एक म्हातारा बायकोला घेऊन हॉस्पिटलात येतो. काउंटरवरची बाई त्याला ओळखपत्राची झेरॉक्स आणायला पाठवते. तो परत येईपर्यंत बायको स्ट्रेचरवरच प्राण सोडते. जाताना तो जवळ नसतो. ही कथा मी त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं लिहिली होती आणि काउंटरवरच्या बाईला चांगलं झोडपलं होतं. दगडाच्या काळजाची वगैरे म्हटलं होतं. सगळ्यांना तीच कथा आवडायची. मलाही.

ताईंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "वनिता, ही काउंटरवरची बाई कोण?"

"असंच. कोणीतरी."

"तुमच्याकडे काउंटरवर किती जणी असतात?"

"एकच," मी म्हटलं आणि डोळ्यांत पाणी आलं ते मला आवरेना. ती बाई मीच होते. महादेवराव त्या गृहस्थांचं नाव. मीच त्यांना म्हटलं होतं, "काका, झेरॉक्स नसेल तर फॉर्म पुढे जात नाही." नियम होता, हे खरं. पण मी मान वर करूनही पाहिलं नव्हतं, हेही खरं.

ताईंनी मला पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला नाही की धीराचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याच्या मनात काय चाललं होतं हे तुला माहीत नाही. तू काउंटरच्या आत होतीस. आतून लिही. जमत नसेल तर ही कथा काढून टाक, पुस्तक तरीही निघेल. पण अशी मी छापणार नाही."

मी ती कथा अकरा वेळा लिहिली. दर वेळी मी स्वतःला कुठंतरी वाचवत असे. कधी मला ताप असे, कधी साहेब ओरडलेले असत, कधी रांग फार मोठी असे. ताई ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ताप काढ." पुढच्या वेळी, "साहेब काढ." मला त्यांचा इतका संताप यायचा, की धरमपेठ ते घर मी पायी जायची. अकराव्या वेळी ताप, साहेब, रांग काहीच उरलं नाही. ताईंनी कागद एकावर एक लावले आणि म्हणाल्या, "ही छापू."

पण मग डॉक्टरसाहेबांचं काय? त्यांच्या हॉस्पिटलचं नाव कथेत कुठंच नव्हतं, पण त्यांना कळणारच होतं. शिवाय त्यांची प्रस्तावनाही आम्ही वगळत होतो. मी ताईंना विनवलं, "निदान त्यांची तेवढी राहू द्या. ती असली की ते काही बोलणार नाहीत."

"म्हणजे प्रस्तावना नाही, छत्री पाहिजे तुला," ताई म्हणाल्या. "जा आणि त्यांना सांग. लेखक तू आहेस, मी नाही. नोकरी गेली तर इथं काम आहे, पण त्या भरवशावर ठरवू नको. तुझं तू ठरव."

मी दोन दिवस जेवले नाही नीट. घरात माझ्याच पगारावर चूल पेटत होती. तिसऱ्या दिवशी कथेची प्रत घेऊन डॉक्टरांच्या केबिनकडे निघाले, तर बाहेरच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत, नलिनीताई बसलेल्या! गुडघे दुखत असताना रिक्षा करून आलेल्या.

"तुम्ही येणार म्हणाल्या नव्हत्या."

"मी आत येणार नाही. बसून राहिली मी इथं. तू जाय."

डॉक्टरांनी कथा वाचली. आमचे डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हे इथं लिहायलाच हवं. त्यांनी प्रत मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "वनिता, तुला इथं काय कमी पडलं? बाकीचं पुस्तक काढ, मी शंभर प्रती घेतो. एवढी एक कथा काढून टाक."

मी प्रत उचलून घेतली. म्हटलं, "नाही सर. ती राहील."

नोकरी गेली नाही. पुढच्या आठवड्यात मला काउंटरवरून उचलून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "चांगलं झालं, तिथं लिहायला शांतता मिळेल." आणि मग हळूच विचारलं, "पगार तोच आहे ना वं?" तोच होता. तरी महिनाभर त्या रोज दुपारी फोन करून मी डबा खाल्ला का ते विचारत होत्या. काही दिवसांनी वरच्या काउंटरमागे एक झेरॉक्स मशीन आलं. कोणी त्याविषयी अवाक्षर काढलं नाही.

पुस्तक निघालं. छान छापलं होतं, माझ्या नावाखाली दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं. पण ताईंकडे एक रीत आहे. ज्याच्या जगण्यातून गोष्ट घेतली, पहिली प्रत त्याला. तीही पोस्टानं नाही, स्वतः नेऊन. मी तीन आठवडे टाळलं. सुट्टी नाही, ऊन फार आहे, पत्ता हरवलाय. पत्ता कसला हरवतो, फॉर्मवर तो मीच लिहिला होता, मला पाठ होता. शेवटी एका रविवारी ताई एसटी स्टँडवर उभ्या राहिल्या आणि तिथून मला फोन केला, "खाप्याची दोन तिकिटं काढते. येतेस की मी एकटीच जाऊ?"

महादेवरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ते नगरपरिषदेच्या नळाचं पाणी सोडायच्या कामावर होते, गावात सगळे ओळखतात. ओसरीत बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "काका, हॉस्पिटलच्या काउंटरवर होते ती मी. त्या दिवशी मीच तुम्हाला झेरॉक्स आणायला पाठवलं होतं." सून दारात येऊन उभी राहिली. मी पुस्तक काकांपुढे धरलं, पण मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच कथा वाचली. ताई बाजूला पाटावर बसल्या होत्या. मध्ये दोनदा माझा आवाज गेला, तेव्हा त्यांनी नेहमीसारखंच म्हटलं, "वाच."

वाचून झालं. काका बराच वेळ पुस्तकावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "थे पहिलं झेरॉक्सचं दुकान बंद होतं. मी चौकापलीकडं दुसऱ्या दुकानात गेलो. म्हणून टाइम लागला. थे तुमी नाई लिवलं."

"मला माहीत नव्हतं, काका."

"तुमाले कसं माहीत असन." मग ते म्हणाले, "मले वाटे, थ्या दिवसाची याद मलेच हाये फक्त."

मी त्यांच्या पायांशी बसून रडले. सुनेनं चहा केला. निघताना काकांनी पुस्तक देवाच्या फळीवर ठेवलं.

परतीच्या बसमध्ये सावनेर येईपर्यंत ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचेही डोळे ओले होते, ते मी पाहिलं. मग पर्समधून त्यांनी पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ते बंद दुकान दुसऱ्या आवृत्तीत घाल. आत्ताच लिहून ठेव." हलत्या बसमध्ये, पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी ते लिहिलं. दुसरी आवृत्ती निघेल की नाही, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. ती निघाली, आणि महादेवराव आता तिच्यात चौकापलीकडच्या दुकानात धावत जातात.

नलिनीताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी माझ्याहून जाणती माणसं लिहितील, त्यांनी काढलेल्या पुस्तकांचं मोल सांगतील. मला एवढंच सांगायचं आहे, की मला खरं लिहायची भीती वाटत होती आणि ताईंनी ती घालवली नाही. भीती वाटत असतानाच लिहायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. ताई, गुडघ्यांचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका, गोळ्या वेळेवर घ्या, पुष्कळ जगा. माझं दुसरं पुस्तक अर्धं झालं आहे. त्यात मी पुन्हा कुठंतरी स्वतःला वाचवलं आहे, हे मला कळतं, पण कुठं ते सापडत नाही. येत्या शनिवारी वाचायला घेऊन येते.