व्हाळाच्या दोन्ही काठांचा शिपाई

आमची ग्रुप ग्रामपंचायत फुटून व्हाळाच्या अल्याड-पल्याड दोन ग्रामपंचायती झाल्या, पण तिच्या जुन्या शिपायाला ते मान्य नाही. निवृत्त होऊनही तो रोज साकव ओलांडून दोन्ही ऑफिसांत जातो, दोन्हीकडे चहा पितो आणि दोन्हीकडच्या चहाला नावं ठेवतो. "काका, तुमची पंचायत कुठली?" विचारलं, तर म्हणतो, "माका इचारून फोडल्यानी काय?"

मात्र नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालावं ते त्यानेच. म्हणून वेगळ्या पंचायतीसाठी भांडभांड भांडलेल्या आमच्या सरपंचांनीच त्याला नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला बोलावलं. नारळ हातात धरून त्याने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या ऑफिसाक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"व्हाळापलीकडल्यांचाव बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि दोनव गाव परत एक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात काय मागितलं, ते आमच्याकडे कोण ऐकत बसतो? म्हाराजा आला की तोंडातून व्हय जातंच. सगळ्यांत मोठा आवाज सरपंचांचा होता. म्हाताऱ्याने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते भानावर यायच्या आत नारळ फोडून टाकला.