नागुबाईचा तांब्या

लातुरात नागुबाईची मेस म्हणजे कोचिंगच्या पोरांचं दुसरं घर. शंभर डबे बाई एकटी हाकायची, निम्मे हातानं अन् निम्मे तोंडानं. झोपेचं मात्र विचारू नका. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडचं घर पहाटे अंगावर आलं, पाच वर्षांची लेक लुंबिनी शेजारी झोपलेली होती ती गेली, आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं ही बाई धड निजलीच नाही. उशाशी ग्लास पालथा घालायचा, त्यावर तांब्या ठेवायचा. जमीन हलली की तांब्या पडणार, आपण उठणार. तरीही दर घटकेला उठून तांब्या बघायचीच.

नवरा रामकिशन पडला की घोरायचा. "माणूस हाय का धोंडा," ती करवादायची.

परवा उभ्या उभ्या डुलकी लागली आणि उकळतं वरण हातावर सांडलं. मग मात्र रामकिशननं तिला एसटीत घातलं आणि नांदेडला सुया टोचून इलाज करणाऱ्या इरा डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर सरळ बोलली, "ताणाचं हार्मोन चढलंय, अंग सारखं पळायच्या तयारीत राहतं. सुयांनी काहींना गुण येतो, सगळ्यांना नाही. अशीच जागत राहिलात तर उद्या चुलीवरच पडाल."

"चार सुयांनी काय व्हतंय," म्हणत नागुबाईनं पिशवीतून ग्लास-तांब्या काढून स्टुलावर मांडला, मगच आडवी झाली. रामकिशनला लाज वाटली.

कपाळाला, मनगटाला, पायाला सुया लागल्या. बाईची बडबड चालूच. मग ती तुटक झाली, मग थांबली.

जाग आली तेव्हा तास उलटला होता, सुया निघाल्या होत्या आणि स्टुलावर तांब्या नव्हता. ती ताडकन उठून बसली. तांब्या रामकिशनच्या मांडीवर होता.

"का काढला?"

"खालच्या रस्त्यानं ट्रक गेला. तांब्या डगमगाय लागला, म्हणून धरला."

"अन् खरंच जमीन हलली असती म्हंजे?"

"मी जागा हाव की."

"तुमी? तुमी तर धोंडा."

रामकिशन तांब्याकडं बघत म्हणाला, "घोरायचं सोंग हाय ते. म्हणलं, एक तरी निजलाय म्हणून तुझ्या जिवाला बरं वाटंल. तू उठून बसली की मी बी जागाच असतो. पहिल्यापासून."

नागुबाईला राग आला आणि रडूही आलं. तिनं तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला आणि खाली उतरली.

"डॉक्टरबाई, आता ह्यांना टोचा," ती म्हणाली. "मी बसते हितं जागी."