गयाबाईंचा रस्ता

आबा दिवसभर तंबाखू खायचे, पण पडेगावच्या आमच्या खासगी रस्त्यावर ते कधी थुंकले नाहीत. तोंड भरलं की पार मागच्या नाल्यापर्यंत चालत जायचे. दुसरं कुणी थुंकलं तर अडवायचे, "ओ साहेब, घरात थुंकता का?"

ही सगळी जमीन मूळची त्यांचीच. तेव्हा इथं शेत होतं, धड वाट नव्हती. एका पावसाळ्यात त्यांच्या बायकोला, गयाबाईंना, साप चावला. दवाखान्याची गाडी चिखलात रुतली. आबांनी त्यांना पाठीवर घेतलं, पण डांबरी सडक लागेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढं प्लॉट पाडले तेव्हा आबांनी मधून तीस फुटी रस्ता सोडला आणि तोंडाशी स्वतः पाटी रोवली : गयाबाई मार्ग. प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "रस्ता समद्यांचा. नाव तेवढं तिचं ऱ्हाऊ द्या." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. कागदावर मात्र कुणी काही लिहिलं नाही. आबांनाही तशी गरज वाटली नाही.

मग मागचे प्लॉट एका बिल्डरनं घेतले. त्याला ते नाव गावंढळ वाटलं. त्यानं प्लॉटधारकांची बैठक बोलावली आणि 'गोल्डन पाम अव्हेन्यू' असं नाव द्यायचा ठराव मांडला. रस्ता सामाईक, तेव्हा बहुमत चालणार. हात वर झाले. माझाही झाला. मी शाळामास्तर, आबांच्या शेजारीच बसलो होतो.

"सर, तुमीबी?"

"आबा, नावच तर बदलतंय."

"व्हय," ते म्हणाले. "तिचं तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

त्यानंतर आबांनी त्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस नाल्याच्या कडेनं, बाभळींतून वाट काढत घरी जायचा. एकदा तिथंच घसरून पडले. मी धावत जाऊन हात दिला. त्यांनी तो धरला. झटकला असता तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलं आमचं, आबा. पाटीचं बघतो मी."

"नका. तिला तरी कुठं वाचता येत व्हतं."

मी काहीच बघितलं नाही. त्यांची मुलगी त्यांना सिल्लोडला घेऊन गेली. तिथंच ते वारले.

वर्षश्राद्धाची पत्रिका पाठवायची म्हणून तिचा फोन आला. "काका, पोस्टाचा पूर्ण पत्ता सांगा." मी घराचा नंबर सांगितला आणि पुढं जिभेला वळण पडलेलं 'गोल्डन पाम अव्हेन्यू' सरळ बोलून गेलो.



"जरा सावकाश सांगा काका," ती म्हणाली. "लिहून घेते."

मी पुन्हा सांगितलं.