शर्टाची बटणं

माझ्या धाकट्या भावाच्या शर्टाची बटणं मी जवळजवळ पाच महिने लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

भाऊ दोंडाईच्याला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. मिरची बोटांत चुरगाळून तिची प्रत सांगायचा. एका दुपारी धुळ्याहून परतताना गाडीपुढे कुत्रं आलं. हेल्मेट होतं, पण ते हँडलला लटकवलेलं. धुळ्याच्या दवाखान्यात मेंदूचं ऑपरेशन झालं. अठरा दिवस त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा उजवा हात पांगळा झाला होता आणि शब्द हरवले होते. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचलाय. माणूस परत यायला मात्र वेळ लागेल." आम्ही पहिलं वाक्य ऐकून देवापुढे साखर ठेवली. दुसरं कुणी नीट ऐकलंच नाही.

व्यायाम शिकवणारी थेरपिस्ट जळगावात मिळेल म्हणून त्याला तिथल्या मेहरूण भागात माझ्या घरी आणलं. त्याची बायको धुळ्याला नोकरीला, ती तिथेच राहिली. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी आणि स्वभावाने उतावळी. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर देणारी. भाऊ "प... प..." करू लागला की मी पाणी आणून द्यायची. एकदा त्याला मी असे तीन पेले पाणी पाजलं. तो बिचारा मुकाट्याने प्यायला. नंतर त्याने डावा हात वर केला, तेव्हा कळलं की त्याला पंखा बंद करून हवा होता.

आमच्या घरात आजाऱ्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला उचलला तर घरच्या बाईची अब्रू जाते. माझ्या आईने तेच केलं, मीही तेच केलं. त्याला भरवलं, त्याचे केस विंचरले, चपला घातल्या. थेरपिस्टने बटणं लावायचा सराव सांगितला होता. मला ती छळवणूक वाटायची. पाहुणे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मीही फुलून जायची.

एका सकाळी थेरपिस्ट लवकर आली. कोवळी पोर होती, माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुली आता असतील तेवढी. मी भावाची कॉलर सारखी करत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही थोडा वेळ हात मागे बांधून बसाल का?"

मला रागच आला. तिने शांतपणे समजावलं. मेंदूचा जो भाग गेला तो पुन्हा उगवत नाही. पण शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो, आणि तो शिकतो फक्त करून करून, चुकत चुकत. सुरुवातीचे महिने त्यासाठी फार मोलाचे असतात. "तुम्ही बटण लावता तेव्हा सराव तुमचा होतो," ती म्हणाली.

तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं. एकाही पोराचं गणित मी त्याच्या वहीत सोडवून दिलं नव्हतं. हे मला कुणी येऊन सांगावं लागावं, याची शरम अजून जात नाही.

मग मी हात मागे बांधायला शिकले. पहिलं बटण लागायला पाव तास गेला. भाऊ चिडायचा. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस, त्याने एकदा ताट भिंतीवर फेकलं. डॉक्टर म्हणाले, हा रागही दुखापतीचाच भाग आहे. मला ते पटलं, तरी मी न्हाणीघरात जाऊन रडले. पण महिन्याभरात तो पाचही बटणं लावू लागला. एखादं वरखाली व्हायचं, मी बघून न बघितल्यासारखं करायची.

थंडी पडली तेव्हा थेरपिस्टने विचारलं, यांना आवडीचं काय जमायचं? मी म्हटलं, भरीत. शेतातलं भरीत आमच्याकडे पुरुष करतात, आणि भाऊबंदांत ते काम भावाचंच. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, दांड्याने ठेचायची. मग रोज तीन वांगी घेऊन त्याचा सराव सुरू झाला. घरभर धूर व्हायचा. त्याचा उजवा हात दांडा धरू लागला. दोंडाईच्याला चुलतभावाच्या शेतात भरीत ठरलं, तेव्हा यंदा बडगी भाऊच घेणार असं मी फोनवर बजावून ठेवलं.

शेतात त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. चुलतभाऊ म्हणाला, "तू बस ना भाऊ, कशाले तरास लेस?" मी त्याच्याशी भांडून बडगी भावापुढे ठेवली. भावाने ठेचायला सुरुवात केली. एक दणका, थांबणं, पुन्हा एक दणका. पंचवीस माणसं भुकेली होती, पुऱ्या निवत होत्या. दांडा त्याच्या हातातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तो तसाच थांबला, ओठ हलू लागले, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, थकला. मी उठले, दांडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि भराभर ठेचून मोकळी झाले.

तेव्हा तो बोलला. अपघातानंतरचं पहिलं पुरं वाक्य. "अक्का, माले करू दे."

शेतात आनंदीआनंद झाला. भाऊ बोलला, भाऊ बोलला, म्हणत चुलतभावाने त्याला मिठी मारली. कुणीतरी त्याच्या बायकोला फोन लावला. मी दांडा हातात घेऊन उभी होते. बडगीत ठेचायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरूणला मी त्याला शर्ट दिला आणि हात मागे बांधून बसले. त्याने एकेक करून दोन्ही बाह्या घातल्या. मग माझ्यासमोर आला आणि मी बटणं लावावीत म्हणून मान वर करून उभा राहिला.