आषाढातल्या बर्फात बंब

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मी एकटी फिरायला जाणार म्हटल्यावर सगळ्यांत अफलातून सल्ला आमच्या ह्यांनी दिला. कराडहून फोनवर म्हणाले, "दक्षिणेला चाललीस ना? मग सुती साड्या घे. उकडेल." पृथ्वीच्या त्या टोकाला दक्षिणेकडे जावं तशी थंडी वाढते, हे भूगोल शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे दक्षिण म्हणजे मद्रास. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी गप्प बसले. बोलले असते तर जाणंच रद्द झालं असतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. लेक तिथल्या उत्तर बेटावर, पामर्स्टन नॉर्थच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती आणि मी सहा महिने तिच्याकडे राहायला गेले होते. तोवर मला आयुष्यभर कुणी ना कुणी नेलेलं. आधी वडिलांनी, मग ह्यांनी, मग लेकीने. एकटीने मी फार तर साताऱ्याला गेले असेन. लेक कशीबशी तयार झाली ती अट घालूनच. "आई, कुठे अडलीस तर फोन कर, हे येऊन तुला घेऊन येतील. पण मग यापुढे एकटीने जायचं नाव काढायचं नाही. बरोबर कुणीतरी हवंच." तिचे 'हे' म्हणजे आमचे जावई. नातवाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. तो म्हणाला, "आजी, यू विल फ्रीझ!" मी म्हटलं, गोठेन, पण फोन करणार नाही.

वेलिंग्टनपर्यंत रेल्वे, तिथून बोटीने पलीकडे, मग बसने खाली खाली. आपल्याकडे आषाढ चाललेला आणि इथे गवतावर सकाळी पांढरा थर. पण थंडी पडली आहे हे या लोकांना कुणी कळवलेलंच नव्हतं. बसचा ड्रायव्हर हाफ पँट घालून, गुडघे उघडे टाकून बसलेला. कोपऱ्यावरच्या दुकानाला तिथे डेअरी म्हणतात, त्या डेअरीत पोरं अनवाणी दूध न्यायला येत. घरं लाकडाची आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार. कुणाकडे कुडकुडलं तर यजमानीण प्रेमाने म्हणे, आणखी एक स्वेटर घाला ना! मी साडीवर स्वेटर, त्यावर जावयांचं जॅकेट आणि डोक्याला मफलर अशा थाटात हिंडत होते. एका बाईने आदराने विचारलं, "तुम्ही गिर्यारोहक का?" मी बेधडक हो म्हटलं. डबीतलं खोबरेल तेल इतकं घट्ट झालं होतं की केसांना लावायला नखाने खरवडावं लागे.

डोंगराळ भागात पोहोचलो आणि बर्फ सुरू झालं. पुढचा रस्ता बंद. ड्रायव्हर "स्वीट ॲज!" म्हणाला, म्हणजे सगळं उत्तम चाललंय, आणि आम्हा पाच प्रवाशांना एका छोट्या हॉस्टेलवर सोडून मागच्या गावी निघून गेला. हॉस्टेलची मालकीण किल्ल्या देऊन, ट्रॅक्टर घेऊन अडकलेल्या गाड्या ओढायला गेली. ती वळणाआड गेली आणि दिवे गेले. हीटरही गेले. उरली ती बैठकीच्या खोलीतली एक लोखंडी शेगडी.

बाकीचे चौघे म्हणजे दोन धिप्पाड जर्मन तरुण, एक इंग्लिश मुलगी आणि वेलिंग्टनच्या कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. "तुम्ही आरामात बसा," असं मला सांगून ते शेगडीला भिडले. ओले ओंडके कोंबले, वर अख्खं वर्तमानपत्र, काड्यांमागून काड्या. जाळ नाहीच, नुसता धूर. बोटं बधिर झाली तशी माझी हिंमत गेली. खोटं कशाला सांगू, मी भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला. लेकीचा नंबर फिरवायचा तेवढा बाकी होता.

तेवढ्यात धूर नाकातोंडात गेला, ठसका लागला आणि मला राग आला. भीतीवर माझ्याकडे तेवढं एकच औषध आहे. म्हटलं, लग्नाआधी आठ माणसांच्या अंघोळीचा बंब रोज पहाटे मी पेटवत होते, भर पावसात, ओल्या लाकडांवर! आणि इथे हे चार शहाणे मला बसवून ठेवतात?

रिसीव्हर ठेवला, पदर खोचला. "काढा! सगळं बाहेर काढा!" जर्मन पोरांनी निमूटपणे ओंडके काढले. निवृत्त गृहस्थ काहीतरी सुचवायला लागले, त्यांना मी सफरचंदांचं रिकामं खोकं फोडून ढलप्या करायला बसवलं. राख उपसली, धुराड्याची झडप पूर्ण उघडली. आधी धुराडं तापवायचं, मग लाकूड घालायचं, हे बंबवाल्यांना सांगावं लागत नाही. देवापुढे लावायच्या वाती माझ्या पिशवीत होत्याच. मूठभर घेतल्या, त्या गोठलेल्या खोबरेलात घोळल्या, वर ढलप्या उभ्या रचल्या आणि काडी लावली. वर्तमानपत्राची गुंडाळी करून इंग्लिश मुलीला फुंकायला दिली. तिने असा काही श्वास भरला की पोरगी कराडचीच वाटावी!

शेगडी आधी कुरकुरली, मग घुमायला लागली. तो आवाज ऐकला आणि मला रडूच आलं, अगदी उघड उघड. दोघे जर्मन टाळ्या वाजवत होते. मग ओले ओंडके शेगडीभोवती वाळत ठेवले, चहाचं आधण चढवलं आणि कुणी कधी लाकूड घालायचं याच्या पाळ्यासुद्धा मी लावून टाकल्या. सगळ्यांनी ऐकलं.

मालकीण परतली ती बर्फाने माखलेली. दार उघडून "किया ओरा" म्हणाली, म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि शेगडीकडे बघतच राहिली. चौघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी चहा गाळत होते, फक्त मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीने रेडिओवर रस्ता बंद झाल्याचं ऐकलं होतं आणि बसच्या ऑफिसातून इथला नंबर मिळवला होता. आवाज रडवेला. "आई, हे निघतायत तुला आणायला."

"कशाला? रस्ता उघडला की मी पुढे जाणार आहे."

"अगं पण तिथे तुझ्याबरोबर कोण आहे?"

मी मागे वळून पाहिलं. चौघेही शेगडीपाशी कप धरून, आता काय करायचं म्हणून माझ्याकडे बघत होते.

"माझ्याबरोबर कुणी नाही," मी म्हटलं. "यांच्याबरोबर मी आहे."