केस धाकट्या पातीची, कचेरी थोरल्या पातीची

आधी चहा संपवा आणि कपबशा खाली ठेवा, मंडळी. माझी ही फजिती ऐकताना ठसका लागलेली माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही हसाल, हसा! मी मात्र ती सांगताना आजही रडवेला होतो.

बॅरिस्टर होऊन मी विलायतेहून धारला आलो. वडील तिथे दरबारच्या नोकरीत. माझं शिक्षण सगळं मुंबईला मामाकडे, त्यामुळे माळव्याची ओळख सुट्टीपुरती. दारावर पाटी लावली आणि अकरा महिने वाट पाहिली. त्या पाटीखाली कोण आलं असेल? एक बकरी. दोनदा!

आई रोज विचारायची, "आज कोणी आलं का रे?" पुढे तिनेही विचारणं सोडलं. ते जास्त लागायचं.

अशात मला आधार दिला तो अण्णासाहेबांनी. धारचे जुने वकील. त्यांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, पण नवा वकील रिकामा बसलेला दिसला की त्यांना राहवत नसे. आम्ही तिघे-चौघे नवशिके त्यांच्या बैठकीत पडून असायचो. ते आम्हांला अर्ज लिहायला शिकवायचे, साक्षीदाराशी कसं बोलावं ते सांगायचे, आणि स्वतःची लहानसहान कामं आमच्याकडे सोपवायचे.

एके दिवशी म्हणाले, "बॅरिस्टर, देवासला माझा एक अशील आहे, नामदेव शिंपी. त्याची पडवी शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली, म्हणून ती पाडायचा दावा आहे. बिचारा तिथेच बसून कपडे शिवतो. पडवी गेली की तो संपला. मला दम्याने उठवत नाही. जाल?"

"जाईन!"

"तारखेला कोणी उभं राहिलं नाही तर एकतर्फी निकाल होईल, लक्षात ठेवा. आणि तिथे पाती विचारून घ्या. केस धाकट्या पातीत आहे."

"हो, हो," मी म्हणालो. माझं लक्ष होतं कुठे? मी मनातल्या मनात भाषण करत होतो!

देवासचं प्रकरण ठाऊक आहे ना? गाव एक, राजे दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. राजे दोन आहेत हे मलाही माहीत होतं. पण एवढ्याशा गावात कचेऱ्याही दोन असतील, असं कोणाच्या मनात येईल? माझ्या नाही आलं.

इंदूरवरून टांग्याने हाडं खिळखिळी करत देवासला पोचलो. वैशाखाचं ऊन. अंगात काळा झगा, डोक्यावर विलायतेहून आणलेला घोड्याच्या केसांचा टोप. घामाने मी नुसता न्हालो होतो. चौकात पानवाल्याला विचारलं, "कचेरी कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कौनसी कचेरी, भिया? बड़ी पाती के छोटी?"

आता सांगा, ज्याने लंडनची कोर्टं पाहिली तो 'छोटी' म्हणेल का?

"बड़ी!" मी ठणकावलं.

कचेरीत शिरतो तोच शिपायाचा पुकारा झाला, "नामदेव हाजिर है?" पागोटं बांधलेला एक माणूस उभा राहिला. मी माझ्या अशिलाला कधी पाहिलेलं नव्हतं. शिंप्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला!

"मी यांच्या वतीने उभा आहे!"

"माझ्या?" नामदेव दचकला.

"घाबरू नका. अण्णासाहेबांनी पाठवलंय."

"कोण अण्णासाहेब?"

"गप्प राहा!"

न्यायाधीश वृद्ध गृहस्थ होते. टोपाकडे जरा वेळ पाहून म्हणाले, "बोला."

"ती शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली, हा आरोप साफ खोटा आहे! ती जागची हललेलीच नाही!"

"हलली नाही?" वादी किंचाळला. "माझा सगळा भाजीपाला फस्त केलान तिने!"

पडवी भाजीपाला खाते? वादी भ्रमिष्ट आहे, असं मी मनात टिपून ठेवलं आणि आवाज चढवला. "चाळीस वर्षं ती त्याच जागी उभी आहे!"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं?"

"होय! माझ्या अशिलाच्या आजोबांनी ती स्वतःच्या हाताने बांधली!"

"बांधली होती, तर सुटली कशी?"

"दावं जुनं होतं, मायबाप," नामदेव पुटपुटला. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मी मात्र ऐकलं कुठे? माझी गाडी उताराला लागली होती!

"संध्याकाळी सगळं कुटुंब तिच्यावर बसतं! आणि आज हा माणूस तिला पाडायला निघालाय!"

"पाडायला कोण म्हणतंय? कोंडवाड्यात घाला म्हणतोय मी!"

"पडवी कोंडवाड्यात कशी घालणार?" मी गरजलो.

न्यायाधीश हळूच म्हणाले, "बॅरिस्टरसाहेब, पडवी कुठली? ही म्हशीची केस आहे."

त्यांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, वाचला. "हे काम धाकट्या पातीचं. रस्ता ओलांडा. पलीकडे दुसरं राज्य आहे."

म्हैस मात्र कोंडवाड्यात गेली. दावं जुनं होतं, हे कबूल झालं होतं ना! नामदेव माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

टोप हातात घेऊन धावलो. पलीकडचा शिपाई म्हणाला, "नामदेव शिंप्याची केस? झाली की!"

पायरीवर बसलो. एकतर्फी निकाल! डोळ्यांपुढे पडलेली पडवी दिसू लागली. वाटलं, कुठल्या तोंडाने धारला जाऊ? झगा इथेच टाकावा आणि चालू लागावं.

एवढ्यात गळ्यात दोरा अडकवलेला एक किरकोळ माणूस समोर आला. "आपण धारचे बॅरिस्टर? मी नामदेव शिंपी. लई वाट पाहिली, साहेब. मग मीच बोललो. म्हटलं, मायबाप, एकदा डोळ्यांनी पाहा. न्यायाधीश चालत आले, दोरीने मोजलं. वीतभरसुद्धा बाहेर नाही निघाली! शेजाऱ्याला पुरावा आणायला पुढली तारीख दिलीय. तोवर पडवीला हात लावायचा नाही."

धारला परतलो आणि अण्णासाहेबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी नामदेव शिंपी धारला आला, तेव्हा मी बैठकीतच होतो. कोपऱ्यात, मान खाली घालून. अण्णासाहेब त्याला म्हणाले, "नामदेवा, यांची सुरुवातीची वर्षं आहेत रे. जरा सांभाळून घे."

"मी कुठे नाही म्हणतोय, अण्णासाहेब? पुढल्या तारखेला बॅरिस्टरसाहेब पाहिजेतच!"

अकरा महिन्यांत मी प्रथमच ताठ बसलो.

"फक्त एवढी मेहेरबानी करा," नामदेव म्हणाला, "या खेपेला त्यांना शेजाऱ्याच्या बाजूने उभे करा."