नानांच्या आंगठ्याची दोरी

निजामाच्या राजात बीडात गोविंदनाना जुन्या पोथ्या इकायचे, आन् त्यांच्या उजव्या पायाच्या आंगठ्याला कायम दोरी बांधलेली असायची. दोरीचं दुसरं टोक पाळण्याला. घराची पुढली खोली म्हंजीच दुकान. हातात पोथी, पायाला पोरगी. अशा चार पोरी त्यांनी आंगठ्यावर वाढवल्या. गिऱ्हाईक भाव पाडाया लागलं का नाना आंगठा थांबवायचे. पोरगी असं भोकाड पसरायची का हैदराबादचा मुन्शी बी कानावर हात ठेवून म्हणायचा, "कबूल है नाना, झूला हिलाओ!"

माझी आन् त्यांची वळख माझ्या बुडापासून झाली. उमापुरातनं मी टट्टूवर रद्दी लादून आणलती, तंबाखू बांधायला. नानांच्या दारात गठुड्यावर टेकलो, तर आतून वरडले, "उठ बे! इद्वानावर बसलास!" मी उठून आधी हात जोडले, मग मागं बघितलं. मानूस कुणीच न्हाई.

नानांनी गठुड्यातनं एक पोथी काढली, नाकाला लावली. "ही ज्वारीच्या कणगीत होती." मग सुटी पानं नीट एकावर एक ठेवून उजेडाकडं धरली. कसर, म्हंजी कागद खाणारी आळी, तिनं पानापानातनं भोक पाडलेलं. "भोक सलग गेलं का पोथी पुरी. मधीच तुटलं का पान गायब," म्हणाले. आन् माझ्याकडं बघून, "कसर आख्खी पोथी खाती, पर तिला अर्थ लागत न्हाई. तुझी सख्खी बहीण." त्या दिसापासून मी त्यांचा हमाल झालो.

थोरली गोदी लग्नाची झाली. पाटोद्याच्या पुराणिकांचं स्थळ आलं. गोदीनं पोराला दाराआडून बघितलं आन् दोन दिस भाजीत मीठ घालायची इसरली. पुराणिकांना हुंडा नको व्हता. त्यांची पोथी वाळवीनं खाल्लेली. म्हणाले, "एक पुरी पोथी द्या. पण एक पान जरी मागंपुढं निघालं, तर सोयरीक तिथंच मोडली."

नानांनी आपल्या उशाखालची पोथी काढली. बायकोपोरींसंगं बैलगाडीत बसले आन् पोथी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "गाडीत धाकटी मुतती. तुझा भरवसा तिच्याहून थोडा जास्त हाय. फडकं सोडू नको."

गाडी पुढं गेली, मी टट्टू घेऊन मागनं. मांजरसुंब्याला झाडाखाली मानसं बसलेली. माझ्या डोक्यावर पोथी बघून एक म्हातारी पाया पडली. "म्हाराज, दोन शब्द ऐकवा की." मला जल्मात कुणी म्हाराज म्हणलं नव्हतं. सोडलं की फडकं! डोळे मिटून तोंडाला येईल ते पुटपुटाया लागलो. म्हातारी रडाया लागली. तिचं बघून मला बी हुंदका आला. तेवढ्यात वावटळ आली, आन् म्हाराजांची पोथी बाभळीवर.

आख्ख्या गावानं पानं गोळा केली, पर वाचता कुणाला येईना. मी टट्टूकडं बघितलं, त्यानं तोंड फिरवलं. मग मला माझी सख्खी बहीण आठवली. काही पानांवर भोक मोठं व्हतं, काहींवर बारीक. कसर वरनंच शिरली आसंल म्हणून मोठं वर, बारीक खाली, असं भोकाला भोक जुळवत बसलो. शेवटी सगळ्या पानांतनं आभाळाचा एक ठिपका दिसला, तवा कुठं फडकं बांधलं.

पाटोद्यात पुराणिकांनी चष्मा लावला, वरचं पान घेतलं, चष्मा पुसून परत बघितलं. "गोविंदराव, पहिल्याच पानावर 'समाप्त'?"

दाराआड गोदीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. पाळणा नसताना नानांचा आंगठा हलाया लागला. मी सगळं कबूल केलं. वावटळ, म्हातारी, म्हाराज, सगळं. नानांनी पोथी उचलली, भोकाला डोळा लावला, त्यातनं माझ्याकडं बघितलं. मग आख्खी पोथी पालथी घालून पुराणिकांपुढं ठेवली. "आता वाचा."

पुराणिक वाचत गेले. एक पान मागंपुढं न्हाई. कसर शेवटाकडून शिरलती, मला काय ठाऊक!

"लावली कुणी ही?"

"ह्या गाढवानं. एक अक्षर न वाचता," नाना म्हणाले. "माझ्या लेकीच्या जिवाला घोर लावला, पर पान हरवलं न्हाई."

पुराणिक हसू हसू ठसकले. पाणी प्याले आन् म्हणाले, "साखर आणा."

बांगड्या परत वाजल्या.

नाना गेले तवा गोदी तान्ही लेक घेऊन आलती. रीतीपरमानं भटजी नानांचे दोन्ही आंगठे दोरीनं बांधाया लागले. माझं तोंड सुटलं, "आवो, एकच बांधा! दुसरा पाळण्याला लागंल!" नानांच्या बायकोनं, काकूंनी, तोंडात पदर कोंबला. हसल्या का रडल्या, मला कळलं न्हाई.

माघारी आलो तर गोदीची लेक पाळण्यात भोकाड पसरून बसलेली. कुणाच्या अंगात बळ न्हाई. मी दोरी माझ्या आंगठ्याला बांधली. पाय हलवून बघितला, गप होईना. मग नानांसारखी पोथी हातात धरली. गप झाली.

गोदीनं डोळे पुसत बघितलं. "मामा, पोथी उलटी धरलीया."

"असू दे गं," म्हणलो. "आमा दोघांत वाचणार हाय कोण?"